साफसफाईचे बाराशे वेगळे का?

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दादाचा फोन आला. आवाज दबका, म्हणजे पाहुणे शेजारीच उभे असणार. "अरे, हे म्हणतायत फोनवर चार हजार सांगितले होते, मग बावन्नशे कुठून झाले? काय सांगू?"

बावन्नशे माझ्यामुळे झाले होते. आमचं दापोली तालुक्यातलं जुनं घर दादा-वहिनी पर्यटकांना देतात. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, पुढे पडवी; सहा माणसं आरामात मावतात. मी पुण्यात बसून हिशेब बघतो आणि अधूनमधून अकलेचे तारे तोडतो. त्यातलाच एक तारा म्हणजे 'साफसफाई शुल्क रु. १,२००, प्रत्येक बुकिंगला'. मुक्कामाची घरं बुक करायच्या ॲपवर परदेशातली घरं बघताना मला ती कल्पना फार शहाणपणाची वाटली होती. दादाने त्या दिवशी बाराशे सोडून दिले. पाहुणे तरीही घुश्शातच राहिले. मग मी या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि लक्षात आलं की बाराशे मागण्यात माझं काही चुकलं नव्हतं, ते ज्या नावाने आणि ज्या वेळी मागितले तिथे चुकलं होतं.

अकरा ते दोन

आधी हे बाराशे जातात कुठे ते बघू. जाणारे पाहुणे अकराला निघतात, येणारे दोनला दारात. मधल्या तीन तासांत वहिनी आणि वाडीतल्या एक मावशी घर पुन्हा उभं करतात. गाद्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, पांघरुणं, सहा टॉवेल गोळा करायचे. संडास-बाथरूम घासायचे. फ्रिजमधलं अर्धं संपलेलं सगळं काढायचं. शॉवरच्या जाळीत अडकलेली समुद्राची वाळू हाताने काढायची, कारण ती पाण्याने पुढे सरकत नाही, तिथेच बसते.

कोकणातली तांबडी माती पांढऱ्या टॉवेलला लागली की तो टॉवेल पुन्हा पूर्ण पांढरा होत नाही. दाराशी पायपुसणं असतं. ते कोरडं राहतं आणि पाय टॉवेललाच पुसले जातात. रश्श्याच्या डागाचं वेगळंच नाटक. हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो, नवीन माणूस घाबरून आणखी साबण लावतो. खरं तर साबण नीट धुऊन चादर उन्हात टाकली की दोन दिवसांत डाग फिका पडतो. पण जुलैत ऊन आणायचं कुठून? पावसाळ्यात पडवीत टाकलेली चादर चार दिवसांनीही ओलसरच लागते आणि तिला कुबट वास येतो. मग सगळं बोचकं दापोलीच्या लाँड्रीत, नगावर पैसे मोजून. म्हणजे ज्या महिन्यांत गिऱ्हाईक यावं म्हणून भाडं उतरवायचं, नेमका त्याच महिन्यांत धुण्याचा खर्च चढतो. म्हणून चादरींचे तीन संच लागतात: एक गादीवर, एक धुण्यात, एक कपाटात. हे मला वहिनीने सांगितलं. माझ्या एक्सेलमध्ये एकच संच होता.

आणि मासे. हर्णैच्या लिलावात जाऊन पाहुणे उत्साहाने सुरमई, पापलेट घेऊन येतात आणि साफ करतात कुठे, तर बेसिनमध्ये. खवले जाळीखाली जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी नवीन पाहुणे विचारतात, "इथे कसला वास येतोय?"

आमचा हिशेब साधारण असा बसतो: दोघींचे तीन-तीन तासांचे प्रत्येकी चारशे, म्हणजे आठशे, धुणं तीनशे, फिनेल, साबण, टॉयलेट रोल, कचऱ्याच्या पिशव्या वगैरे शंभर. झाले बाराशे. वहिनीचं काम घरचं म्हणून फुकट धरायचं असं दादाचं म्हणणं होतं. वहिनीचं नव्हतं.

आता यातली कळीची गोष्ट. पाहुणे किती रात्री राहिले याच्याशी या बाराशेचा जवळपास काहीच संबंध नाही. चादर एक रात्र वापरली तरी धुवायची, चार रात्री वापरली तरी एकदाच धुवायची. भाडं रात्रीवर मोजलं जातं, सफाई बुकिंगवर. दोन वेगळ्या मापांच्या गोष्टी एकाच मापात बसवायच्या की नाही, एवढ्यावरच हा सगळा वाद उभा आहे.

दोन्ही पद्धती आपल्याला नवीन नाहीत. मंगल कार्यालयाचं बिल आठवा: भाडं वेगळं, वीज मीटरप्रमाणे, भांडी नगावर, साफसफाईचे वेगळे, वर डिपॉझिट. सोसायटीचा हॉल बारशाला घेतला तरी सफाईचे पाचशे निराळे, आणि कोणी भांडत नाही. उलट खाणावळीत जेवलो तर 'ताट घासण्याचे दहा रुपये' असं बिलात आलेलं कोणी खपवून घेईल का? खर्च तिथेही आहेच, पण तो थाळीत मुरलेला असतो. हॉल आपण एका कार्यासाठी घेतो, कुठे काय जास्त लागलं ते दिसतं, म्हणून वेगवेगळे आकडे पटतात. मुक्काम म्हणजे आपल्या मनात अजून लॉजची खोली. स्वच्छ खोली हेच तर विकत घेतलं, मग स्वच्छतेचे पैसे वेगळे कसले, असं गिऱ्हाईकाला वाटतं. त्याचं चूक नाही.

भाड्यात मिसळलं तर काय होतं

मग सोपा उपाय दिसतो: बाराशे भाड्यात मिसळून टाका. पण किती मिसळायचे? इथे कागद-पेन घ्यावंच लागतं.

समजा एका महिन्यात दहा बुकिंगं आली. सहा जण एकेक रात्र राहिले, तिघे दोन-दोन रात्री, एक कुटुंब चार रात्री. एकूण रात्री सोळा, सफाई दहा वेळा, खर्च बारा हजार. सोळा रात्रींवर वाटला तर रात्रीला साडेसातशे. म्हणजे 'चार हजार अधिक बाराशे' याऐवजी सरसकट चार हजार साडेसातशे सांगायचे. दोन्ही पद्धतींनी महिन्याचे शहात्तर हजारच जमतात आणि सफाईचे बारा हजार गेले की चौसष्ट हजार उरतात.

आपल्या हातात तेवढेच, पण पाहुण्यांच्या खिशातून वेगवेगळे. एक रात्र राहणाऱ्याला वेगळ्या शुल्कात ५,२०० पडले असते, आता ४,७५० पडतात. त्याचे साडेचारशे वाचले. दोन रात्रीवाल्याला ९,२०० च्या जागी ९,५००. चार रात्री राहणाऱ्या कुटुंबाला १७,२०० च्या जागी १९,०००, म्हणजे अठराशे जास्त. जे आपल्याला सगळ्यांत कमी त्रास देतात, तेच शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्यांच्या चादरी धुण्याचे पैसे भरतात.

इथपर्यंतही चाललं असतं. पण गिऱ्हाईक दर बघून वागतं. एक रात्र स्वस्त झाली की एका रात्रीवाले वाढतात, लांब मुक्कामवाले शेजारच्या गावी जातात. पुढच्या महिन्यात समजा बारा बुकिंगं एका रात्रीची आणि दोन बुकिंगं दोन रात्रींची. रात्री पुन्हा सोळाच, जमा पुन्हा शहात्तर हजारच. सफाई मात्र चौदा वेळा, खर्च १६,८००. हातात उरले ५९,२००. घर तेवढंच भरलेलं, मावशींची कंबर जास्त मोडली, आणि आपले चार हजार आठशे कुठे गेले ते वहीत शोधत बसायचं. शुल्क वेगळं ठेवलं असतं तर ही गळती झाली नसती, कारण प्रत्येकाने आपापली चादर स्वतःच्या पैशाने धुतली असती.

वेगळ्या शुल्काच्या बाजूचा हा मुद्दा मला अजूनही पटतो. हे शुल्क म्हणजे काही लूट नव्हे. ज्याच्यामुळे खर्च झाला त्याच्याकडूनच तो घेतला जातो.

मग लोक चिडतात कशाला?

चिडण्याचा मोठा इतिहास अमेरिकेत आहे. मुक्कामाची घरं ऑनलाइन बुक करून देणारी एअरबीएनबी कंपनी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली तेव्हा लोक आपल्या घरात पाहुणे ठेवत होते. पुढे अख्खी घरं भाड्याने जाऊ लागली, सफाईला माणसं ठेवावी लागली आणि शुल्क आलं. ते किती लावायचं हे घरमालक ठरवतो. गंमत अशी झाली की शोधताना दिसायचा तो रात्रीचा दर. सफाई, ॲपची सेवा फी आणि कर पुढच्या पानांवर. मालकांच्या लक्षात आलं की रात्रीचा दर कमी ठेवला आणि शुल्क फुगवलं की आपलं घर यादीत स्वस्त दिसतं. मग खर्चाची भरपाई हा हेतू मागे पडला आणि शुल्क म्हणजे दर लपवायची जागा झाली. लोकांचा राग खरा इथून सुरू होतो.

दर असा थेंबाथेंबाने सांगण्याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात, आणि दुर्दैवाने ते चालतं. कार्यक्रमांची तिकिटं विकणाऱ्या स्टबहबने २०१५ मध्ये आपल्या ग्राहकांवर प्रयोग केला. काहींना शुल्कासकट किंमत पहिल्यापासून दाखवली, काहींना शुल्क अगदी शेवटी. शेवटी दाखवलं त्यांनी सुमारे २० टक्के जास्त खर्च केला. माणूस एकदा मनाने तिकीट घेऊन बसला की शेवटच्या पानावरून परत फिरत नाही. कुरकुरतो आणि भरतो.

युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये एअरबीएनबीला ठणकावलं की सफाईसारखी शुल्कं धरून पूर्ण किंमत आधीच दाखवा, आणि २०१९ पर्यंत तिथे तसं झालं. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी करांआधीची पूर्ण किंमत दाखवायची सोय जाहीर केली. एप्रिल २०२५ पासून जगभर तीच मुख्य पद्धत झाली. पुढच्याच महिन्यात, १२ मे २०२५ ला, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला: कार्यक्रमांची तिकिटं आणि अल्पमुदतीचा निवास विकणाऱ्यांनी अनिवार्य शुल्कांसह एकूण किंमत ठळकपणे दाखवायची. या नियमाने शुल्क घ्यायला बंदी केलेली नाही. बंदी आहे ती लपवायला.

आपल्याकडेही वारं त्याच दिशेचं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'वर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ऑनलाइन विक्रीतल्या तेरा चलाख्या त्यांत दिल्या आहेत, ड्रिप प्रायसिंग त्यांतली एक. त्याआधी ४ जुलै २०२२ ला याच प्राधिकरणाने हॉटेल-रेस्टॉरंटना सांगितलं होतं की सर्व्हिस चार्ज बिलात परस्पर लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. सर्व्हिस चार्ज आणि सफाईचे पैसे एक नाहीत, पण 'आकडा आधी सांगा' ही अपेक्षा दोन्हीकडे तीच.

आमच्या चार हजारांचं हेच झालं होतं. दादाने फोनवर चार हजार सांगितले, कारण वर्षानुवर्षं तो तेवढंच सांगत आला होता. बाराशे माझ्या ॲपवर आणि दाराशी चिकटवलेल्या कागदावर होते. शेवटच्या पानावर शुल्क टाकणाऱ्यांना मी नावं ठेवतो. आमचं शेवटचं पान दाराला लावलेलं होतं, इतकाच काय तो फरक.

'पैसे दिलेत ना' आणि 'कचरा तुम्हीच टाका'

शुल्काचा आणखी एक परिणाम कागदावर दिसत नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत झालेला एक प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी बाई आपल्यासाठी थांबल्यात याची लाज होती. दंड आल्यावर तो उशिराचा दर झाला. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही.

घराच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी बघितलंय. शुल्क नव्हतं तेव्हा निम्म्या घरांतल्या काकू निघताना भांडी विसळून पालथी घालून जायच्या. वहिनी नको म्हणायची तरी ऐकायच्या नाहीत. बाराशे लावले त्या दोन महिन्यांत कोलंबीची सालं प्लेटमध्येच वाळलेली मिळाली. वहिनीने काही म्हणायच्या आतच एका गृहस्थांनी सांगितलं, "क्लीनिंग चार्ज दिलाय ना!" त्यांचं तर्कशास्त्र बिनचूक होतं.

याची दुसरी बाजू मालकांची. शुल्कही घ्यायचं आणि फ्रिजवर यादीही लावायची: चादरी काढून मशीनला लावा, भांडी घासा, केर काढा, कचरा कोपऱ्यावर टाकून या. अमेरिकेत लोक सगळ्यांत जास्त खवळले ते यावर. २०२२ च्या त्याच घोषणेत चेस्कींना सांगावं लागलं की चादरी काढणं, कपडे धुणं, व्हॅक्यूम करणं असली कामं पाहुण्यांवर टाकू नका. निघताना दिवे-पंखे बंद करा, गॅस बंद करा, किल्ली अमुक ठिकाणी ठेवा, एवढं कुणालाही सांगता येतं. त्यापुढचं काम हवं असेल तर पैसे घेऊ नका, पैसे हवे असतील तर काम सांगू नका.

डिपॉझिटही यात मिसळू नये. डिपॉझिट मोडतोडीसाठी असतं आणि परत द्यायचं असतं. पडवीत कोणी हळदीचा कार्यक्रम केला आणि भिंत रंगली, तर ते नेहमीच्या सफाईत बसत नाही. त्याचं आधी बोलून ठेवायचं. वाळू, रस्सा, केस आणि खवले मात्र नेहमीच्याच सफाईत येतात. समुद्रकाठी घर आहे म्हणून जाहिरात करायची आणि वाळू आली म्हणून दंड लावायचा, हे कसं चालेल?

ॲपचा वाटा आणि कर

शुल्क वेगळं दाखवलं म्हणून ते सगळं आपल्या हातात पडत नाही. ॲपचं कमिशन भाडं आणि सफाई यांच्या बेरजेवर लागतं. कमिशन समजा १५ टक्के असेल तर हातात बाराशे पडायला साधारण १,४१२ लावावे लागतात.

जीएसटीतही 'हे तर सफाईचे' म्हणून सुटका नाही. मुख्य सेवेबरोबर पुरवठादार जे आनुषंगिक पैसे घेतो ते सेवेच्या किमतीतच धरायचे, असं केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १५ सांगतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के कर आहे, त्याहून महाग असेल तर १८ टक्के. ज्यांचा दर सात-साडेसात हजारांच्या काठावर आहे त्यांनी शुल्क जोडण्याआधी सीएला विचारावं. हजार-दीड हजारांच्या शुल्काने बिल वरच्या टप्प्यात गेलं तर पाहुण्याला शुल्कापेक्षा कराचा धक्का मोठा बसेल. छोट्या, नोंदणी नसलेल्या घरमालकाच्या ॲपवरच्या बुकिंगचा कर ॲपच भरतं. फोनवरच्या बुकिंगला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणी लागत नाही.

आणि ज्यांच्या नावाने पैसे घेतले त्यांना किती मिळाले? बाराशे घेऊन मावशींच्या हातावर दोनशे ठेवणारी घरं मला माहीत आहेत. वाडीतल्या बायका महिन्याच्या पगारावर नसतात. बुकिंग असलं की बोलावणं येतं, नसलं की घरी. शुल्क घ्यायचंच तर त्यातला मोठा वाटा त्यांचा असावा, नाहीतर निदान त्याला सफाईचं नाव तरी देऊ नये.

रिक्षाचं मीटर

तर घ्यावेत का? प्रत्येक घराचं उत्तर वेगळं निघेल.

राहत्या घरातल्या एक-दोन खोल्या देत असाल, निवास-न्याहारीसारखं, तर घेऊ नका. तिथे पाहुणा तुमच्या ओट्यावर चहा पितो. त्याला चादरीचा हिशेब दाखवणं बरं दिसत नाही, आणि रक्कमही फार नसते. उलट लोणावळ्याला किंवा उत्तर गोव्यात चार-पाच खोल्यांचा अख्खा बंगला असेल, तरण तलाव असेल, बारा-पंधरा माणसांचा गट येत असेल, तर सफाईचा खर्च खरोखर मोठा असतो आणि गटाला मंगल कार्यालयासारखं सुटं बिल पटतंही. तिथे वेगळं शुल्क खुशाल ठेवा. पण पहिल्याच फोनमध्ये, पहिल्याच मेसेजमध्ये एकूण आकडा सांगा.

आमच्यासारखी मधली घरं अडकतात. मिसळावं तर लांबच्या मुक्कामावर अन्याय, वेगळं ठेवावं तर दाराशी भांडण. शिवाय आपल्याकडे घासाघीस आहेच. बिलात जितक्या ओळी, तितक्या घासाघिशीच्या जागा. "बाकी सगळं ठीक आहे दादा, ते क्लीनिंगचं तेवढं सोडा." भाड्यात कोणी एकदम बाराशे कमी करून मागत नाही, पण ओळ दिसली की ती अख्खी पुसून मागतात.

शेवटी उत्तर मला पुण्यातच, रिक्षात बसल्यावर सापडलं. मीटर टाकलं की पहिल्या दीड किलोमीटरचं किमान भाडं, नंतर किलोमीटरप्रमाणे. चौकापर्यंत गेलात तरी किमान भाडं लागतं, कारण रिक्षा थांबवणं, वळवणं, परत गिऱ्हाईक शोधणं हा खर्च अंतरावर ठरत नाही. आपल्या सफाईसारखाच. पण मीटरवर 'वळवण्याचे पाच रुपये' अशी ओळ नसते आणि त्यावरून कोणी हुज्जत घालत नाही.

आता दादा फोनवर सांगतो, "पहिली रात्र बावन्नशे, दुसऱ्या रात्रीपासून चार हजार. यातच सगळं आलं." पैसे तेवढेच. एक रात्र ५,२००, दोन रात्री ९,२००, चार रात्री १७,२००. वेगळ्या शुल्काचे होते तेच आकडे, नव्या पैशाचाही फरक नाही. ॲपवर सरळ असं लिहिता येत नाही, म्हणून तिथे दर बावन्नशे ठेवला आणि मुक्काम वाढला की सूट लावली: दोन रात्रींना साडेअकरा टक्के, चार रात्रींना सतरा. आधी तेच पैसे दंडासारखे लागत होते, आता दुसरी रात्र स्वस्त मिळाल्यासारखी वाटते. मोठ्या सुट्ट्यांना मात्र किमान दोन रात्री, त्यात तडजोड नाही. पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला असेल तर मधली एकच रात्र देऊन दोन्ही बाजू रिकाम्या ठेवणं परवडत नाही.

काही जण म्हणतील, ही शब्दांची फिरवाफिरव झाली. थोडी आहेच. पण या पद्धतीत पाहुण्याला पहिल्या वाक्यात पूर्ण आकडा कळतो आणि दाराशी काही वाढत नाही.

मावशींचे आम्ही चारशेचे साडेचारशे केले, आणि ते मागणं माझ्या एक्सेलमधून नव्हे, वहिनीकडून आलं. तिची दुसरी सूचना मला जास्त आवडली. सफाईचे पैसे कुणी द्यायचे यावर आम्ही दोघं भाऊ फोनवर तासभर बोलत होतो. तेवढ्यात तिने विहिरीजवळ एक सपाट कातळ बसवून घेतला, बाजूला नळ, खुंटीला विळी, आणि स्वयंपाकघरात चिठ्ठी लावली: 'मासे मागच्या दारी साफ करा, विळी तिथे आहे.' बेसिनची जाळी तेव्हापासून तुंबलेली नाही. फक्त हर्णैहून कुणाची गाडी परत आली की त्या कातळावर पाहुण्यांच्या आधी वाडीतली मांजरं येऊन बसतात.